डगला कुणाच्या नजरेसाठी?

१८१८ साली कंपनी सरकारने खानदेश घेतला तेव्हा मैदानातल्या लढाया लवकर आटोपल्या. फेब्रुवारीत तापीकाठचे थाळनेर पडले. जूनमध्ये, महिनाभराच्या वेढ्यानंतर, मालेगावच्या किल्ल्यातले अरब शरण आले. डोंगर मात्र ताब्यात येईनात. तोरणमाळ, अक्राणी, काठी, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्याचा सारा उत्तर भाग आणि त्याला लागून पूर्वेकडे पसरलेला सातपुडा भिल्ल नाईकांच्या हातात होता. त्यांच्यामागे जी पलटण धाडली जाई तिच्या अंगावर लाल बनातीचा डगला असे आणि छातीवर पांढऱ्या चामड्याचे दोन तिरपे पट्टे एकमेकांना छेदून गेलेले असत. समोर होता लंगोटी नेसलेला, खांद्यावर तीरकामठा घेतलेला माणूस. साग, सालई आणि बांबूच्या रानात दहा पावलांवर उभा असला तरी तो नजरेस पडत नसे.

हे चित्र डोळ्यांपुढे आले की मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो सेनापतींच्या अकलेचा. माणसाला जीव घ्यायला आणि द्यायला पाठवायचे, आणि त्याला लालभडक कपडे घालून पाठवायचे! लाल का, तर रक्त दिसू नये म्हणून, असे उत्तर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. ते टिकत नाही. लाल कापडावर रक्त वाळले की काळा डाग पडतो, आणि त्यावरून गेलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर तर ते लपण्याचा प्रश्नच नाही. शिवाय फ्रेंच निळ्या डगल्यात लढत, ऑस्ट्रियन पांढऱ्यात. रक्त लपवायचे असते तर पांढरा रंग कुणी निवडला असता?

लपण्याचे महत्त्व त्या सेनापतींना ठाऊक नव्हते, असेही नाही. इंग्रजांच्याच फौजेत १८०० च्या सुमारास रायफलधारी पलटणी उभ्या राहिल्या. झाडाआडून, बांधाआडून एकेकट्याने नेम धरून गोळी घालणे हे त्यांचे काम, आणि त्यांचा गणवेश गडद हिरवा होता. एकाच फौजेत, एकाच काळात, एकाला हिरवा आणि दुसऱ्याला लाल डगला दिला गेला तो विचार करूनच. ज्याला लपून लढायचे होते त्याला हिरवा मिळाला. ज्याने दिसायलाच हवे होते त्याला लाल मिळाला. मग त्याने कुणाला दिसायला हवे होते? माझ्या मते या साऱ्या गोष्टीची किल्ली याच प्रश्नात आहे. त्या रंगाचे गिऱ्हाईक शत्रू नव्हता. तो रंग होता टेकडीवर घोड्यावर बसलेल्या आपल्याच सेनापतीसाठी, आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच सोबत्यासाठी.

त्या काळची लढाई कशी दिसत असे हे समजायला फार लांब जायला नको. जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. शिंद्यांकडे शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि युरोपी पद्धतीने कवायत शिकलेले कंपू होते. पहिल्या काही फैरींतच मैदान धुराने भरले. हा धूर थोडाथोडका नसे. त्या काळची बंदुकीची दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळली की निम्म्याहून अधिक वजनाचा भाग वायू न होता बारीक घन कणांच्या रूपाने हवेत उरतो. हजारो बंदुका आणि शंभर तोफा मिनिटामिनिटाला हे कण ओकत असतील तर वारा पडलेल्या दिवशी शेजारची पलटणसुद्धा दिसेनाशी होते.

असईला नेमका याच गोंधळातला एक अनर्थ घडला. इंग्रजांच्या उजव्या बगलेवरची एक तुकडी ठरलेली दिशा सोडून सरळ असई गावावर चालून गेली. तिच्या मागोमाग ७४ वी पलटणही गेली. गावाभोवतीच्या तोफांनी आणि शिंद्यांच्या घोडेस्वारांनी त्यांची चाळण केली. उरलेले चौकोन करून कसेबसे तग धरून राहिले, आणि मॅक्सवेलचे घोडदळ धावून गेले म्हणून काही जण वाचले. त्या दिवशी इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले. वेलस्लीने पुढे वॉटर्लू जिंकली, तरी लढाईतली आपली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून तो असईचेच नाव घेत असे, आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

आता सेनापतीच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. बिनतारी यंत्रणा नाही. हुकूम पोचवायचा तर घोडेस्वार पाठवायचा, तो वाटेत मारला गेला तर हुकूमही गेला. मैल-दीड मैलाच्या पसाऱ्यात आपली कुठली पलटण कुठे आहे, कोण पुढे सरकते आहे, कोण मागे हटते आहे, कोण भरकटले आहे, हे कळायचे ते फक्त डोळ्यांनी. धूर क्षणभर विरळ झाला की त्या फटीतून लाल पट्टा दिसतो की नाही, एवढ्यावर पुढचा हुकूम ठरे. मातकट कपड्यातली फौज त्याला दिसलीच नसती.

गोळी चुकवण्यासाठी लपावे, तर तोही हिशेब त्या काळी वेगळा होता. पलटणीच्या हातातली बंदूक तोंडातून ठासायची आणि आतून गुळगुळीत नळीची. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणे व्यर्थ होते. चांगला कवायती शिपाई मिनिटाला तीन बार काढी. म्हणून पाचसहाशे जणांना खांद्याला खांदा लावून ओळीत उभे करत आणि सगळ्यांचे बार एकदम उडवत. अशी गोळ्यांची भिंत समोरच्या ओळीवर जाऊन आदळे. गोळी कुणाला लागेल ते नशिबावर. राखी डगला घातलेला आणि लाल डगला घातलेला, दोघांच्या वाचण्याच्या शक्यतेत फारसा फरक पडत नव्हता. ओळ मोडली की मात्र सगळे संपले. मग घोडदळ आत घुसे आणि कत्तल होई. ओळ टिकायची तर प्रत्येकाला डावीउजवीकडे आपलाच माणूस उभा दिसायला हवा.

रंग चुकला की काय होते याची उदाहरणे युरोपच्या लढायांत आहेत. जुलै १८०९ मध्ये वाग्रामच्या लढाईत सॅक्सनीचे सैन्य नेपोलियनच्या बाजूने लढत होते, पण त्यांचे डगले पांढरे. ऑस्ट्रियन शत्रूचेही पांढरेच. संध्याकाळच्या अंधुक उजेडात नेपोलियनच्याच फौजेने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सहा वर्षांनी वॉटर्लूला मदतीला आलेल्या प्रशियन फौजेने वेलिंग्टनच्या बाजूच्या नासाऊच्या पलटणीला फ्रेंच समजून तिच्यावर मारा केला. कारण तेच, डगल्यांचे साम्य.

एका फौजेतही पलटण पलटणीपासून ओळखू यावी लागे. त्यासाठी डगला लालच ठेवून गळपट्टी आणि मनगटाची पट्टी निरनिराळ्या रंगांची करत. कुणाची पिवळी, कुणाची हिरवी, कुणाची काळी. मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण आजही ‘काळी पाचवी’ म्हणवते. मुंबई इलाख्याच्या फौजेतली ती पाचवी पलटण, आणि तिच्या लाल डगल्याची पट्टी काळी. डगला गेला, इलाखा गेला, क्रमांकही बदलला, पण शिपायांनी रंगावरून ठेवलेले नाव राहिले. रंग शिपायाच्या मनात किती खोल रुजतो याचा याहून चांगला दाखला मराठी माणसापुढे ठेवता येणार नाही.

मराठ्यांच्या जुन्या फौजेत असा एकसारखा गणवेश का नव्हता, याचे उत्तरही इथेच मिळते. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार आणि स्वतःचे कपडे घेऊन येई. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर असला तरी लढण्याची रीत तीच होती: वेगाने यायचे, रसद तोडायची, अडचणीच्या जागी गाठायचे आणि शत्रू सावध होण्याआधी पसार व्हायचे. या लढाईला ओळ नसते, म्हणून ओळीचा रंगही लागत नाही. एकत्र जमण्याची खूण म्हणून निशाण पुरे. जरीपटका आणि भगवा झेंडा जिथे, तिथे आपली माणसे. डगल्याचे काम इथे झेंडा करत होता. पुढे तोफखाना आणि कवायती पायदळ आले. पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी लढले, १७८४ पासून महादजी शिंद्यांच्या चाकरीत द बॉयनने कंपू उभे केले, आणि सरकारने कपडे, बंदूक, पगार देऊन ओळीत उभा केलेला शिपाई मराठी फौजेतही दिसू लागला. लढण्याची रीत बदलली की अंगावरचे कापड बदलते, ते असे.

आता लालच रंग का, याकडे वळू. इथे नंदुरबारचा संबंध जरा अनपेक्षित वाटेने येतो. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर असा जाई, आणि १६६६ च्या सुमारास नंदुरबारला इंग्रजांची वखार होती. लाल डगल्यातली फौज इथे येण्याच्या दीडशे वर्षे आधी याच कंपनीची माणसे इथे खरेदीविक्रीला बसलेली होती. खानदेशात रंगाऱ्यांना लाल रंग मिळे तो आलीच्या मुळांतून. आलीचे झुडूप तीनेक वर्षे वाढू द्यायचे, मग खोल खणून मुळे काढायची, कुटायची आणि तुरटी दिलेल्या कापडावर त्यांचा रंग चढवायचा. खारव्याचे जाडेभरडे लाल कापड याच रंगाचे. आपल्याकडची मंजिष्ठाही असाच लाल रंग देते. युरोपात हेच काम मंजिष्ठेची तिकडची बहीण मॅडर करी. तिचा रंग स्वस्त, भरपूर आणि उन्हापावसात बऱ्यापैकी टिकणारा. १६४५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नवी फौज उभी केली तेव्हा हजारो डगले एकदम रंगवायचे होते, आणि परवडणारा रंग हाच होता. ती फौज जिंकली आणि लाल रंग इंग्रज पायदळाला कायमचा चिकटला. १७५७ साली क्लाइव्हने बंगालमध्ये देशी शिपायांना तसाच डगला चढवला, तर लोकांनी त्या पलटणीचे नावच ‘लाल पलटण’ ठेवले.

साहेबांचा डगला मात्र मॅडरचा नसे. अधिकाऱ्यांच्या झगझगीत किरमिजी बनातीला कोचिनील लागे. निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या किड्यांपासून काढलेला हा रंग, आणि त्याची मक्तेदारी अमेरिकेतल्या स्पॅनिश लोकांकडे. ती मोडायला कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस तो किडा हिंदुस्थानात आणून निवडुंगावर वाढवण्याचा खटाटोप केला. आणलेली जात हलकी निघाली, रंग काही जमला नाही. एका डगल्याच्या रंगासाठी दुसऱ्या खंडातला किडा समुद्रापलीकडे नेण्याची खटपट होते, यावरून त्या रंगाला किती मोल होते ते ध्यानात येते.

रंगाची आणखी दोन कामे होती. गणवेशातला शिपाई पळाला तर गावात लपू शकत नसे, म्हणजे तो रंग त्याला बांधून ठेवी. आणि त्याच रंगाने त्याला मोठेपणही दिले. काठीच्या राजवाडी होळीला बुध्या होऊन नाचणारा गडी अंगावर राखेचे ठिपके काढतो, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू बांधतो, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप चढवतो. मग तो गावातला नेहमीचा माणूस राहत नाही, दुरून येणाऱ्यालाही तो हातभर उंच दिसतो. ग्रेनेडिअर पलटणींच्या उंच टोप्यांमागे हाच माणसाच्या डोळ्याचा अनुभव होता. समोरून अशी पाचशे माणसांची लाल भिंत ढोलाच्या तालावर चालून आली की पहिली गोळी सुटण्याआधीच पुष्कळ जणांचे पाय मागे सरत.

हे सगळे मैदानात चाले. सातपुड्यात यातले काहीच लागू पडेना. तिथे ओळ धरायला सपाट जागा नाही, धुरातून पाहायला सेनापतीची टेकडी नाही, आणि समोर गोळ्यांची भिंत झेलायला शत्रूची फळीही नाही. वर हिवताप. बाणांपेक्षा तापाने पलटणी अधिक खचल्या. सात वर्षे नुसत्या बळाचा प्रयोग झाल्यावर सरकारने धोरण बदलले आणि १८२५ मध्ये जेम्स ऊट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याला भिल्लांचीच पलटण उभारायला सांगितले. धरणगावी तिचे ठाणे पडले. खानदेश भिल्ल कोअर ती हीच. ऊट्रम त्यांच्याबरोबर शिकारीला जाई, त्यांच्यात मिसळे, आणि हळूहळू माणसे जमली.

या पलटणीत मला महत्त्वाची वाटते ती एक बाजू. रानात कसे लपावे, माग कसा काढावा, हे भिल्लांना कवायत शिकवणाऱ्या साहेबाने सांगायची गरज नव्हती. त्यांना जे नव्याने मिळाले ते दिसणे. अंगावर सरकारी गणवेश आला आणि ज्याला गावोगाव चोर म्हणून हाकलले जाई, तोच उजळ माथ्याने बाजारपेठेतून चालू लागला. ही पलटण मालेगावी गेली तेव्हा तिथल्या पलटणीतले वरच्या जातीचे शिपाई या भिल्ल शिपायांना भेटायला आले, त्यांच्यात बसले, त्यांना पानसुपारी दिली. त्या काळच्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती. अर्थात याच गणवेशाने त्यांना आपल्याच डोंगरातल्या भाऊबंदांसमोर उभे केले, आणि ते दुःखही या इतिहासातून वगळता येणार नाही. १८५७ च्या धामधुमीत सेंधव्याच्या घाटावर सरकारी पहारा सांभाळणारे खाज्या नाईक उठले, भीमा नाईक उठले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीला भिल्ल आणि इंग्रज फौज यांची मोठी लढाई झाली.

याच सुमारास लाल डगल्याचा शेवट सुरू झाला, आणि तो हिंदुस्थानातूनच. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेनने उभारलेल्या गाइड्स पलटणीने मातीच्या रंगाचे कपडे घातले. मंगळूरला बासेल मिशनच्या विणकामशाळेत हॅलर नावाच्या जर्मन कारागिराने १८५० नंतर लवकरच खाकी रंगाची कृती बसवली. १८५७ च्या उन्हाळ्यात अनेक गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे उन्हाळी कपडे चहा, शाई, माती, हाताशी येईल त्यात बुडवून मळकट करून घेतले. धुतले की प्रत्येकाचा रंग वेगळा निघे. पक्का खाकी रंग गिरणीत मोठ्या प्रमाणावर चढवता येऊ लागला तो १८८४ नंतर.

त्याच १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने बिनधुराची दारू शोधली. माझ्या दृष्टीने रंगीत डगल्याला खाली उतरवले ते या दारूने. आटे पाडलेल्या नळीच्या बंदुका आधीच कित्येक शे यार्डांवर नेम साधू लागल्या होत्या. आता धूरही गेला. मैदान स्वच्छ दिसू लागले, आणि ज्या नजरेसाठी डगला रंगवला होता तिच्याहून शत्रूची नजर अधिक धोक्याची ठरली. ३० डिसेंबर १८८५ रोजी सुदानात गिनिसला इंग्रज फौज शेवटची लाल डगल्यात लढली. १८९७ मध्ये परदेशी मोहिमांसाठी खाकी ठरली आणि बोअर युद्धानंतर, १९०२ मध्ये, मायदेशातही ती आली.

फ्रेंचांना हे उमगायला भयंकर किंमत मोजावी लागली. १८२९ पासून त्यांच्या पायदळाची विजार मॅडरच्या लाल रंगाची. दक्षिण फ्रान्समधल्या मॅडरच्या शेतकऱ्यांना त्यातून गिऱ्हाईक मिळे. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ग्रेबे आणि लीबरमान यांनी मॅडरमधला लाल घटक, अलिझरिन, प्रयोगशाळेत बनवला. थोड्याच वर्षांत मॅडरची शेती बसली. इकडे खानदेशातली आलही त्याच रंगाने मारली. फ्रेंच विजार मात्र लालच राहिली, आता जर्मन कारखान्यांच्या रंगाने. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ती बदलण्याचा विषय निघाला तेव्हा लाल विजार म्हणजेच फ्रान्स, असे म्हणणारे राजकारणी निघाले. ऑगस्ट १९१४ मध्ये ती घालून माणसे यंत्रबंदुकांसमोर गेली. २२ ऑगस्ट या एका दिवसात सुमारे २७,००० फ्रेंच सैनिक मेले. ते सगळे विजारीमुळे मेले असे म्हणणे खोटे ठरेल, समोर तोफा होत्या आणि हल्ल्याची रीतच जुनी होती. पण १९१५ उजाडता उजाडता फ्रान्सने विजारीचा रंग बदलला आणि चित्रकारांना लष्करात बोलावून तोफा, गाड्या, टेहळणीची ठिकाणे लपवायचे रंगकाम त्यांच्याकडे सोपवले.

आपले सैन्य आपल्याला दिसत नाही, ही जुनी अडचण मात्र खाकीने पुन्हा समोर आणली. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकन आणि ब्रिटिश फौजांनी स्वतःच्याच गाड्यांवर मारा केल्याचे प्रसंग घडले. असे होऊ नये म्हणून रणगाड्यांवर भडक नारिंगी कापडाचे पडदे बांधत, वरून जाणाऱ्या आपल्या विमानाला ओळख पटावी यासाठी. आता सैनिकाच्या टोपीवर आणि दंडावर इन्फ्रारेड प्रकाश परतवणारी पट्टी असते. साध्या डोळ्यांना ती कपड्यासारखीच मळकट दिसते, रात्री पाहण्याची दुर्बीण लावली की चमकते. ज्याच्याकडे तशी दुर्बीण असेल त्यालाच ती दिसते. आज शत्रूकडेही तशा दुर्बिणी येऊ लागल्या आहेत, त्यामुळे ही पट्टी केव्हा उघडी ठेवायची आणि केव्हा झाकायची, हाही आता हुकमाचा भाग झाला आहे.